तनुजाचा चेहरा

“देवानं एकाच मातीच्या दोघी घडवल्या, ते काय उगं न्हाई, इहीणबाई,” साळूबाई चहाची बशी खाली ठेवत म्हणाल्या. “एक गेली, एक हाये. आमच्या महाराजानंबी सांगितलं, गेलेलीचा जीव हिच्यातच घुटमळतोय. लेकराला आई भेटंल, आमचं घर पुन्हा पहिल्यावानी चालंल.”

मोनिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्यावानी चालंल म्हणे! समोर सुदर्शन, तिच्या मेलेल्या जुळ्या बहिणीचा, तनुजाचा नवरा, मान खाली घालून मोबाइल चोळत बसला होता. मध्येच त्याने मोनिकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि चटका बसल्यासारखी नजर काढून घेतली. त्या घरात शिल्लक असलेली लाज ती काय एवढीच.

“मोने, अपेक्षासाठी तरी...” आवडाबाई लेकीला हळूच म्हणाल्या. चिकलठाण्यातल्या त्या दोन खोल्यांत तनुजा गेल्यापासून नातीचं पाऊल पडलं नव्हतं. आजीचा जीव त्या लेकरासाठी तुटत होता, आणि साळूबाईंना ते पक्कं ठाऊक होतं.

“नसंल जमत तर तसं सांगा बापा,” साळूबाई पदर सावरत म्हणाल्या. “सिल्लोडची एक पोरगी सांगून आलीय. मग मातर अपेक्षाला इकडं धाडणं जमायचं न्हाई. लेकराला नव्या आईची सवय लागाया पायजे का न्हाई?”

म्हणजे लग्न केलं तर लेकरू, नाही तर लेकराचं तोंडसुद्धा दिसायचं नाही. बाजारात भाजी घेताना तरी माणूस इतकं उघडं बोलत नाही.

“महालक्ष्म्यांच्या जेवणाला येते, काकू,” मोनिका शांतपणे म्हणाली. “तिथंच सांगते. सगळ्या भावकीसमोर.”

साळूबाई खूश होऊन गेल्या. त्यांना वाटलं, पोरगी वळली.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्याच दिवशी तनुजाचा फोन आला होता. बजाजनगरच्या त्या सासरघरात रडायला न्हाणीशिवाय जागा नव्हती, तिथूनच ती दबक्या आवाजात बोलली. “आत्याबाईला म्हणलं, अंग लई तापलंय, जराशी पडू का? तर म्हणल्या, महालक्ष्म्या जेवल्या की पड.” महालक्ष्म्या जेवल्या, पावणे जेवले, भांडी झाली, आणि मग तनुजा जी पडली ती पडलीच. डेंगू होता. दवाखान्यात नेलं तोवर हाताबाहेर गेलं होतं. साळूबाईंनी मात्र गावभर सांगितलं, “सकाळपस्तोर हसत-खेळत व्हती माय, कुणाची नजर लागली काय की!” सुदर्शनने कधी चकार शब्द काढला नाही. फोनवर ऐकलेल्या शब्दाला पुरावा कुठून आणायचा? मोनिकाने वर्षभर ते गिळून ठेवलं होतं.

ती चिकलठाण्यातल्या एका लॅबमध्ये केळीची रोपं करायला जायची. एका चांगल्या झाडाचा कोंब घ्यायचा, त्याचे तुकडे करून बाटल्यांत लावायचे, म्हणजे हजारो रोपं हुबेहूब एकसारखी. एखाद्या बाटलीत बुरशी दिसली की ती फेकायची आणि शेजारची घ्यायची. काही बिघडत नाही, आत तीच असते. साळूबाईंनी सुनेचा हिशोब असाच केला होता.

लॅबचे राजेंद्र सर एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाले होते, “तुम्ही दोघी म्हणजे निसर्गानंच केलेलं क्लोनिंग, मोनिका. मुद्दाम माणसाची अशी नक्कल करायला अनेक देशांत बंदी आहे. धर्मवालेही नको म्हणतात अन् कायदावालेही. पण तुझ्या भाचीची नेहमीची डीएनए तपासणी केली ना, तर आई म्हणून तूसुद्धा जुळशील.”

ते वाक्य मोनिकाने मनात जपून ठेवलं. आधी त्या घराचं पाणी सगळ्यांसमोर उतरवायचं, आणि मग छाती ठोकून म्हणायचं, तपासणी करा, हे लेकरू माझंच निघेल. शेंडी तुटो की पारंबी!

जेवणाच्या दिवशी ती बजाजनगरच्या घरात मागच्या दाराने शिरली. न्हाणीत जाऊन तिने अंगावरचा ड्रेस उतरवला आणि पिशवीतली जांभळी साडी नेसली. राखीला आली तेव्हा तनुजा ती माहेरी विसरली होती, आणि ती तशीच न धुता ठेवलेली होती. गळ्यात गुलमंडीच्या बाजारातून आणलेली काळी पोत, कपाळावर तनुजासारखं ठसठशीत कुंकू. तिने वर पाहिलं. आरशात तनुजा उभी होती.

बाहेरच्या खोलीत महालक्ष्म्या उभ्या होत्या आणि पहिली पंगत बसली होती. साळूबाई स्वयंपाकघरात भजी तळत, पाठमोऱ्या, कुणावर तरी करवादत होत्या. मोनिका अगदी मागे जाऊन उभी राहिली. आवाज तर दोघींचा एकच होता.

“आत्याबाई, अंग लई तापलंय. जराशी पडू का?”

साळूबाई वळल्या. झारा हातातून खाली पडला. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं.

“पड गं माय, पड! चुकलं माझं. हाताला चटका बसावा असा ताप व्हता तुला, म्या बघितला व्हता. म्हणलं पावणे जेवले की नेऊ दवाखान्यात... पंगत मोडंल म्हणून गं! तुझं लेकरू ने, पण मला नेऊ नको!”

झाऱ्याच्या आवाजाने माणसं दारात जमली होती. साळूबाईंचे थोरले दीर काकासाहेब सगळ्यांच्या पुढे होते. “साळू,” ते सावकाश म्हणाले, “तू तर म्हणली व्हतीस, पोरगी सकाळपस्तोर हसत-खेळत व्हती?”

मोनिका सुदर्शनकडे वळली. “अहो, तुमीबी व्हते ना घरात?” तो मागे सरकत भिंतीला टेकला. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. मोनिकाला गार वाटलं. खोटं कशाला बोलायचं, लई गार वाटलं! वर्षभर ज्या घटकेसाठी दात-ओठ खाल्ले, ती घटका ती चवीने बघत होती.

तेवढ्यात माणसांच्या पायांतून वाट काढत अपेक्षा आली. चार वर्षांची, हातात अर्धी करंजी. तिने मोनिकाकडे पाहिलं.

“मोनिकामावशी आली,” ती म्हणाली.

मोठी माणसं फसली, नवरा फसला, आणि त्या एवढ्याशा लेकराला क्षणभरही शंका आली नाही. स्वयंपाकघरात सगळ्यांनी श्वास सोडला. साळूबाईंच्या जिवात जीव आला तसा तोंडालाही जोर आला.

“मोनिका व्हय? अगं मेले, सणासुदीचं मढ्याचं सोंग घेऊन येती? लाज न्हाई वाटत?”

“लाजेचं तुमी बोलू नका, काकू,” मोनिका म्हणाली. “उत्तर द्यायला आले व्हते. माझं उत्तर न्हाई. तुमाला सून नको, तिची नक्कल पायजे, अन् तिलाबी ताप येऊ नये असं पायजे. आता या घरात पोरगी कोण देतं ते बघतेच मी.”

सिल्लोडच्या त्या मुलीची आत्या पंगतीला होती. भरल्या पानावरून ती हात धुवायला उठली. काकासाहेबांनी तिला थांबा म्हटलं नाही.

“मग चालती व्हय!” साळूबाई किंचाळल्या. “अन् लेकराचं तोंड बघायचं न्हाई पुन्यांदा!”

आता ते तपासणीचं वाक्य. मोनिका ते बोलायलाच खाली वाकली, अपेक्षाला उचलायला तिने हात पुढे केले. पण अपेक्षा कडेवर आली नाही. तिने करंजी टाकली, दोन्ही मुठींत जांभळा पदर धरला आणि नाकाशी नेला. डोळे मिटून ती नुसता वास घेत राहिली.

“मावशी,” पदरातूनच ती म्हणाली, “तू जा. साडी ठेव.”

तपासणी, डीएनए, सगळं मोनिकाने तिथंच सोडून दिलं. कुणापुढे बोलायचं? ज्या लेकरासाठी ते बोलायचं होतं, त्यानेच निकाल दिला होता. तिने हलकेच पदर सोडवून घेतला, न्हाणीत जाऊन ड्रेस घातला, काळी पोत काढून मुठीत घेतली आणि साडीची घडी केली. बाहेर येऊन ती खाली बसलेल्या अपेक्षाच्या मांडीवर ठेवली.

अपेक्षाने घडी मोडून साडी अंगाभोवती ओढून घेतली आणि आत तोंड खुपसलं.

“येते गं, पिल्ल्या,” मोनिका म्हणाली.

अपेक्षाने मान वर केली नाही.