एकवीस दिवसांचे हात

फोटोच्या दुकानात तिला सगळे मलमताई म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं तेवढंच. कॉम्प्युटरवर जुने फोटो साफ करायची दोन मुख्य हत्यारं. एक शेजारचा तुकडा उचलून डागावर जसाच्या तसा बसवतं, त्याला दुकानात शिक्का म्हणत. दुसरं आजूबाजूचा रंग डागात हळूहळू मुरवतं, ते मलम. शिक्का काय, कुणीही मारेल. मलम लावावं ते हिनंच. पंधरा वर्षं हिनं नवरीच्या मुरमांपासून पाण्यात भिजलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना बरं केलं होतं. माझ्या हाताखालून गेलेल्या फोटोत भेग शोधून दाखवा, असं ती येईल त्याला सांगायची, आणि खरंच कुणाला सापडायची नाही. अशी बाई थोडी चढेल होणारच. होतीच ती.

सोमवारी सकाळी मास्तर आले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे, खणखणीत आवाजाचे. मागोमाग त्यांच्या पत्नी, काकू. काकूंनी दाराजवळचं स्टूल पकडलं, पर्स मांडीवर घेतली आणि बसल्या. बोलायचं खातं मास्तरांकडे असावं.

काम असं होतं. मास्तरांनी तरुणपणी काकूंचं एक मोठं तैलचित्र काढलेलं. खुर्चीत बसलेली बाई, अंगात गडद निळे कपडे, मांडीवर दोन हात. स्पर्धेत पहिलं आलं आणि चाळीस वर्षं शाळेच्या सभागृहात मानानं लटकलं. आता त्याला आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या. बोट लावलं की रंगाचा पापुद्रा खाली. म्हणून शाळेनं ठरवलं, मूळ चित्र पेटीत बंद करायचं आणि त्याचा फोटो साफ करून, मोठा छापून त्याच जागी लावायचा. शनिवारी कार्यक्रम. इथून पुढे लोक बघणार तो हा छापलेला कागदच.

मास्तर म्हणाले, सगळं चित्र नऊ दिवसांत उरकलं होतं, स्पर्धेची तारीख मानगुटीवर होती. पण हात? हातांना एकवीस दिवस लागले. तीस वर्षं मुलांना त्या चित्रापुढे उभं करून सांगत आलोय, बाकी राहू द्या, हात बघा हात. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण ते कळायला अजून तीन दिवस होते. काकू तेव्हा चष्म्याची काच पुसत होत्या. ती काच एवढी मळली नव्हती, हे मलमताईच्या लक्षात आलं होतं, पण तिनं ते सोडून दिलं.

कामाला बसली की ती कुणाची नसायची. फोटो पडद्यावर एवढा मोठा करायचा की नाकाचं टोक ताटाएवढं दिसावं. मग एकेक भेग धरायची, तिच्या दोन्ही काठांचा रंग बघायचा आणि मलम भरत जायचं. भेगेला नाक-डोळे कळत नाहीत, ती गालावरून निघते आणि बेधडक भिंतीवर जाते. म्हणून भेग कुठली आणि रंगवलेली सुरकुती कुठली हे हिला झोपेतही सांगता आलं असतं. मशीनला एक बटण दाबून सगळं साफ करता येतं म्हणतात. येतं की. सुरकुत्याही जातात, भुवयाही जातात, आणि शेवटी उकडलेला बटाटा उरतो.

बुधवारी दुपारी चेहरा झाला, कपडे झाले, भिंत झाली. मग ती हातांवर आली आणि थांबली. हातांना भेगच नव्हती. एकही नाही. मनगटापर्यंत सगळं तडकलेलं आणि पुढे रंग कसा साईसारखा सलग. कुंचल्याचे फटकारेही दिसत नव्हते. बाकीच्या चित्रात रंग थापलेला, इथे मात्र पातळ पातळ थर चढवत नेलेले.

आता पंधरा वर्षांच्या अनुभवानं जे सांगितलं ते तिनं ऐकलं. मधे कधीतरी कुणा टिनपाट कारागिरानं हातांची डागडुजी केलीय, वरून नवा रंग फासलाय, म्हणून ते वेगळे दिसतायत. तसं तिनं आधीही दोन चित्रांत पाहिलं होतं. मास्तरांना विचारायला एक फोन पुरला असता. पण विचारायचं कुणी, जिला सगळं येतं तिनं? तिनं गालाचा खरखरीत पोत उचलला, हातांवर शिक्के मारले, वरून मलम फिरवलं, आणि तासाभरात हात बाकीच्या चित्राच्या पंगतीत आणून बसवले. जखम नव्हती तिथे मलम लावलं. मान मोडून निघाली तेव्हा स्वारी भलतीच खूश होती.

गुरुवारी दोघं आले. तिनं छोटा नमुना छापून टेबलावर ठेवला. मास्तरांनी वाकून पाहिलं, कागद उचलून उजेडात नेला, आणि त्यांचा खणखणीत आवाज चक्क भरून आला. परवाच रंगवल्यासारखं वाटतंय म्हणाले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, आता सगळं एकाच हातचं दिसतंय. मलमताईला ती शाबासकी वाटली. ती मिरवतच काकूंपुढे कागद घेऊन गेली.

काकूंनी चष्मा लावला. चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"हे माझे हात नाहीत," त्या म्हणाल्या.

मलमताई हसली. असं बायका म्हणतातच. चाळीस वर्षांपूर्वीचे आहेत काकू, आता कसे ओळखू येतील, असं काहीतरी ती समजुतीनं बोलू लागली. काकूंनी पर्स खाली ठेवली, उठून टेबलाशी आल्या आणि आपले दोन्ही हात कागदाशेजारी पालथे टेकवले. डाव्या हाताची करंगळी आत वळलेली. लहानपणी दारात सापडली होती म्हणे. उजवी सरळ.

मलमताईनं चित्राकडे पाहिलं. चित्रात दोन्ही करंगळ्या वळलेल्या होत्या. चार दिवस ती हे बघत होती. काढणाऱ्याची लकब असेल म्हणून सोडून दिलं होतं.

समोर बसलेल्या बाईचे हात बघून काढले असते, तर उजवी करंगळी सरळ आली असती. मग उजवा हात वाकडा कुणाला दिसला? तिनं नकळत आपलाच डावा हात उचलून भिंतीवरच्या आरशासमोर धरला. आरशातून उजवा हात तिच्याकडे बघत होता. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे हातालाच आरसा लागला होता. उजव्या हातात कुंचला असल्यावर माणूस दुसरं करणार काय? डावा हात एकदा समोर धरून काढायचा, एकदा आरशात बघून.

भेगांनी चाळीस वर्षं सांभाळून ठेवलेली साक्ष तिनं एका दुपारी पुसून टाकली होती, आणि वर शाबासकीची वाट बघत होती.

"काकू, हे तुम्ही काढलेत?"

"ह्यांना हात जमत नाहीत," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, वस्तुस्थिती होती. "बाकीच्या चित्रांत बघ. माणसं खिशात हात घालून उभी. ह्या चित्रात जागा कोरी सोडून बसले होते डोकं धरून. मी म्हटलं, मी बघते. एक पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. एकवीस दिवस. ह्यांनी थापलेला रंग त्यानंतरही महिनाभर बोटाला लागत होता. आयुष्यात तेवढंच काढलं मी. आजवर मी गप्प राहिले, कारण ते भिंतीवर होतं. जाता-येता दिसायचं. तू तेही पुसलंस."

मास्तर खिडकीपाशी उभे होते. हात खिशात. मलमताईला अशा वेळी हसू येऊ नये, पण आलंच.

मग मात्र तिनं लाज गिळली आणि सरळ म्हणाली की चूक माझी, विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आणि ती चूक दहा मिनिटांत भरून निघेल. दुकानात तिचा एक दंडक होता. मूळ फोटोला कधी हात लावायचा नाही. त्यावर एक पारदर्शक थर घालायचा आणि काय ती दुरुस्ती त्याच्यावर करायची. खाली मूळ शाबूत राहतं. तिनं काकूंना आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः उभी राहिली आणि हातांवरची दुरुस्ती खोडायला घेतली. खरखरीत शिक्के विरत गेले. खालून सलग, पातळ, शांत रंग वर येत गेला. आधी डावा हात, मग आरशातला. काकू पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांच्या श्वासानं काच धुरकटली.

मास्तर हळूच मागे येऊन उभे राहिले.

पण काम संपलं नव्हतं. चित्राखाली नावाची ओळ छापायची होती. ती मास्तरांनी सोमवारीच लिहून दिली होती: त्यांचं पूर्ण नाव, पुढे चित्रकार. मलमताईनं ती ओळ पडद्यावर आणली. गिऱ्हाईकाच्या घरात तोंड घालू नये हे तिला ठाऊक होतं. पण आज एकदा न विचारून ती तोंडघशी पडली होती, दुसऱ्यांदा पडायची तिची तयारी नव्हती.

"मास्तर, खाली नाव हेच ठेवू ना?"

मास्तरांनी घसा खाकरला. शनिवारी शाळेतले जुने विद्यार्थी येणार होते. तीस वर्षांत शिकवलेली मुलं, सगळ्यांना हात बघा म्हणून सांगितलेलं. ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना दिसत होतं. मलमताईला वाटलं, आता हे विषय बदलून वय, तब्येत, हवापाणी काढणार. मास्तरांनी खिशातले हात काढले आणि बायकोच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवले.

"मी मुलांना खोटं नाही सांगितलं," ते म्हणाले. "एकवीस दिवस लागले होते. कुणाला, ते तेवढं सांगायचं राहिलं." मग मलमताईला म्हणाले, "माझ्या नावापुढे 'आणि' घाला. आणि हिचं नाव टाका. पूर्ण."

मलमताईनं 'आणि' टाइप केलं. नाव विचारायला ती काकूंकडे वळली. काकू अजून पडद्याकडेच बघत होत्या. डावी करंगळी टेबलावर हलकेच ठक ठक करत होती.

"माझं आधी टाक," त्या म्हणाल्या. "हात आधी वाळले होते."