मंगल कार्यालयातलं कोर्ट

वैजनाथमामांना न्यायाधीश केलं ते त्यांच्या मिशांनी, उगाच दुसरं कारण शोधत बसू नका. तालुक्याच्या कोर्टात मामांनी सगळी हयात पट्टेवाला म्हणून काढली. दारात येऊन नावं पुकारायची, गलका करणाऱ्याला डोळे वटारायचे आणि साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या बघून चहा सांगायचा. धनगराच्या घरातला पगारावर लागलेला पहिला माणूस, म्हणून भावकीत मान होता. कोर्टातले वकीलसुद्धा मामा म्हणायचे. रिटायर झाले तरी मिशांचा पीळ काही रिटायर झाला नाही, आणि नेमकी त्या पिळावर रणधीरची नजर पडली.

रणधीर म्हणजे येडशीचं एक अवली पोरगं. पुण्याला जाऊन क्यामेरा शिकून आलं आणि आल्या आल्या जाहीर करून मोकळं झालं, की आपण कोर्टाचा पिच्चर काढणार. एक मोठी कंपनी असते. ती घाण पाणी ओढ्यात सोडते आणि गावाचं वाटोळं होतं. कंपनीचाच एक तरणाबांड वकील असतो, त्याचं मन त्याला खाऊ लागतं, आणि शेवटी तो भर कोर्टात कंपनीवर उलटतो. तो वकील अर्थातच रणधीर. लिहिणारा तोच, सांगणारा तोच, हिरो तोच, आणि जेवणाच्या सुट्टीत पंगतीत भात वाढणाराही तोच.

पैसा लावला शिवपुत्र शेठनी. शेठ मूळचे मुरुमकडचे, इकडं त्यांची दुधाची मोठी डेअरी. पिच्चरची गोष्ट त्यांनी धड ऐकलीच नव्हती. रामलिंगच्या जंगलात एक गाणं आहे, एवढं कानावर पडलं आणि शेठनी मान डोलावली.

आता खरी गंमत पुढंच झाली. पिच्चरमधली कंपनी दाखवली होती रंगाची. पण ओढ्यात रंग ओतायचा म्हणजे खर्च आला! त्यापेक्षा डेअरीच्या खालच्या अंगाला ओढ्यात पांढरा फेस आयताच तरंगत असतो, तोही वासासकट. वास काही क्यामेऱ्यात येत नाही, पण नटांच्या तोंडावर बरोबर येतो. रणधीरनं तिथंच शूटिंग उरकलं. शेठनी ते मोबाइलवर बघितलं, आपला ओढा ओळखला, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लगोलग हुकूम आला. पिच्चर काढा, गाणं काढा, पण निकाल बदला, कंपनी निर्दोष सुटली पाहिजे.

म्हणजे ते सगळं येऊन पडलं मामांच्या जिभेवर. अख्ख्या पिच्चरमध्ये त्यांना बोलायचं होतं ते एवढंच, 'आरोपी कंपनीला हे कोर्ट दोषी ठरवत आहे.' त्या जागी आता म्हणायचं 'निर्दोष.' कुणाला वाटेल, त्यात काय एवढं? पण मामांची लेक अक्षदा त्याच डेअरीत कामाला होती, दूध आणि डेअरीतून बाहेर पडणारं पाणी तपासायच्या लॅबमध्ये, आणि अजून कायम झालेली नव्हती. दुसरीकडं मामांचे थोरले भाऊ बिरूदादा. त्यांची मेंढरं त्याच ओढ्याला पाणी पीत. उन्हाळ्यात त्यातली चांगली धडधाकट मेंढरं पोट फुगून पटापटा मेली. गाव तक्रार घेऊन धाराशिवला मोठ्या हापिसात गेलं, तेव्हा मामांना पण बोलवायला आले होते, कोर्टातला माणूस म्हणून. पण त्या दिवशी मामांची कंबर दुखत होती. त्याच दिवशी नेमकी, आणि दुसऱ्या दिवशी लख्ख बरी झाली. बिरूदादांनी त्यावर चकार शब्द काढला नाही, आणि तेच मामांना जास्त लागलं होतं.

कोर्ट उभं राहिलं एका मंगल कार्यालयात. न्यायाधीशाला बसायला नवरा-नवरीचा लाल मखमलीचा सोफा. मागच्या भिंतीवर 'शुभविवाह' लिहिलेलं होतं, ते काळ्या कापडानं झाकलं, पण कापड आखूड पडलं आणि 'शुभ' तेवढं बाहेर राहिलं. उजव्या हाताला डेअरीची माणसं बसली होती, शेठनी फुकटची गर्दी म्हणून पाठवलेली. त्यांच्यात अक्षदा. डाव्या हाताला गावातली माणसं, आणि पार शेवटच्या रांगेत घोंगडं खांद्यावर टाकून बिरूदादा.

सकाळी पहिली अडचण आली ती मामांच्या गुडघ्यांची. काळा कोट घालून रणधीर आत आला की मामा सोफ्यावरून उठून उभे!

"मामा, तुम्ही साहेब हाव आता," रणधीर काकुळतीला आला. "साहेब वकिलाला बघून उठतो व्हय?"

"कळतंय रं. पण कोट दिसला की पाय आपसूकच उठायल्यात, त्याला म्या काय करू?"

शेवटी मामांच्या मांडीवर एक जाडजूड कायद्याचं पुस्तक ठेवलं, तेव्हा कुठं साहेबांचं बूड टेकलं. सगळं शांत झालं. शेठ क्यामेऱ्याच्या मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीत येऊन बसले. रणधीरचं लांबलचक भाषण झालं, आणि क्यामेरा फिरला मामांवर.

मामांनी समोर बघितलं. उजवीकडं लेक, डावीकडं भाऊ. आणि मग त्यांच्या तोंडून जन्मभर ऐकलेले शब्द खणखणीत बाहेर पडले.

"निकालासाठी पुढची तारीख!"

झालं! डावीकडची सगळी माणसं उठली. कुणी पिशव्या उचलल्या, कुणी चपला शोधल्या, एका म्हातारीनं तर दाराशी जाऊन येडशीची जीप थांबवली पण. कोर्टात तारीख पडली की घर गाठायचं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. पिच्चर आहे, खरं नाही, हे त्यांना माहीत होतं हो! पण तारीख ऐकल्यावर पाय कुणाचं ऐकतात? रणधीर रस्त्यापर्यंत पळत जाऊन एकेकाला हाताला धरून आणत होता. "अहो काकू, आज जेवण हाय! बुंदी हाय!" बुंदी म्हटल्यावर कोर्ट परत भरलं.

जेवणाच्या सुट्टीत शेठ मामांच्या शेजारी ताट घेऊन बसले. माणूस आवाज चढवून बोलणारा नव्हता. मऊ बोलायचा, आणि त्याचीच भीती वाटायची.

"वैजनाथराव, अक्षदा लई गुणाची पोरगी. पुढल्या महिन्यात तिला कायम करायचं डोक्यात हाय."

"तुमची कृपा, शेठ."

"माझी कसली? तुमचीच म्हणा की. एक शब्द तर बोलायचाय. आणि पिच्चरच हाय, कुठं कुणाला फाशी व्हायलीय?" शेठ हसले आणि मामांच्या ताटात आपल्या हातानं बुंदी वाढली.

मामांना ती बुंदी काही गिळवेना. ते हात धुवायला म्हणून उठले, तर नळाशी बिरूदादा.

"वैजा, निर्दोष म्हणायलास म्हणं?" दादांनी सरळच विचारलं.

"पिच्चर हाय दादा. तेवढ्यापुरतं."

"व्हय, पिच्चरच हाय. म्या कुठं न्हाय म्हणतो?" दादांनी चूळ भरली, घोंगडं सावरलं. "खऱ्या हापिसात कुणी इचारलंच न्हाय मला. म्हणलं खोट्या कोर्टात तरी कुणी इचारतंय का बघावं, म्हणून आलतो. तू काय ते तुझं म्हण."

राग नाही, टोमणा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मामांना एकेक आठवत गेलं. पगारावर लागलेला माणूस म्हणून आयुष्यभर ह्या भावानं आपल्याला पुढं बसवलं, स्वतः मागं बसला, आणि आपण त्याच्या वेळेला नेमकी कंबर दुखवून घेतली!

दुपारी पुन्हा सगळे आपापल्या जागी. रणधीरनं कानात सांगितलं, "मामा, पाया पडतो, आता तारीख नको. निसतं निर्दोष म्हणा. अर्धा पिच्चर झालाय, माझं वाटोळं होईल." पोराचाही चेहरा उतरलेला होता. त्यालाही का हा शेवट आवडला होता? पण हिरोला पण लाईटचं भाडं द्यावं लागतं.

क्यामेरा फिरला. शेठनी मांडी बदलली. मामांनी सुरुवात केली, "आरोपी कंपनीला हे कोर्ट..." आणि पुढं गाडी अडली. निर्दोष म्हणावं तर भाऊ समोर. दोषी म्हणावं तर लेकीचं नुकसान. आणि तारीख तर एकदा देऊन झालेली. घामानं मिशांचा पीळ सैल व्हायला लागला. मग अडलेल्या माणसाला सुचतं तसं त्यांना आपले जुने साहेब आठवले. निकाल द्यायच्या आधी साहेब पेन खाली ठेवायचे, चष्म्यातून बघायचे आणि विचारायचे. कायमच विचारायचे. तेवढाच वेळ निघेल, असं मामांनी मनात म्हटलं. खोटं कशाला बोलायचं, त्यांना फक्त वेळ काढायचा होता.

"निकालाआधी कोर्टाला विचारावं लागतं," मामा म्हणाले. "ह्या बाबतीत कुणाला काही सांगायचंय?"

ह्या ओळी लिहिलेल्याच नव्हत्या. रणधीर तोंड उघडं टाकून बघत राहिला. मामांची नजर शेवटच्या रांगेवर होती. बिरूदादा काठीचा आधार घेऊन उठायला लागले, आणि मामांना वाटलं, बरं झालं, ह्याचं तरी ह्याला बोलू दे.

पण त्यांच्या आधी उजवीकडं खुर्ची वाजली. अक्षदा उभी राहिली होती.

"मला सांगायचंय," ती म्हणाली. "ओढ्याच्या पाण्याचं."

डेअरीतल्या माणसांनी माना खाली घातल्या. शेठ खुर्चीतून उठले.

"कट! कट करा ते! रणधीर, बंद कर!"

रणधीरनं क्यामेऱ्याकडं बघितलं, शेठकडं बघितलं, आणि मग दिवसभरात पहिल्यांदा त्याला आपण काय पिच्चर काढतोय ते आठवलं असावं. तो जागचा हललाच नाही. लाल दिवा तसाच जळत राहिला.

मग शेठ मामांकडं वळले. आवाज पुन्हा मऊ. "वैजनाथराव, पोरीला खाली बसवा. दुपारी काय बोलणं झालंय आपलं? तिला कळत न्हाय, तुम्हाला तर कळतंय."

कळत होतं. चांगलं कळत होतं. एक शब्द, 'बसा,' म्हटलं की झालं. गलका करणाऱ्या किती जणांना त्यांनी आजवर तसं खाली बसवलं होतं! पण अक्षदा शेठकडं बघतच नव्हती. ती बापाकडं बघत होती, डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट दाबलेले.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "मी बोलू का?"

रोज संध्याकाळी ही पोर कामावरून यायची आणि कुणाशी न बोलता आधी हात घासघासून धुवायची. दैवशालाबाई, तिची आई, म्हणायची, पोरीला काहीतरी विचारा हो. मामांनी नाही विचारलं. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं, आणि ऐकलं असतं तर दादांच्या डोळ्याला डोळा देता आला नसता. पोरगी बापासाठी गप्प, बाप पोरीसाठी गप्प, आणि मधल्या मधे मेंढरं मेली.

मामांनी मांडीवरचं पुस्तक उचलून बाजूला ठेवलं.

"शेठ, बसा खाली," ते म्हणाले. "कोर्टानं विचारलंय. आता ऐकावं लागतं."

शेठ बसले नाहीत, तरातरा दाराकडं निघाले. त्यांना कुणी अडवलं नाही. जाता जाता ते काय म्हणाले, ते मामांनी ऐकलं आणि त्याचा अर्थही समजला. पोरीची नोकरी गेली होती.

"ये बाई, पुढं ये," मामा लेकीला म्हणाले. नावं पुकारून वर्षानुवर्षं कमावलेला आवाज ऐनवेळी कामी आला. "आणि मोठ्यानं बोल. तुझा चुलता पार मागं बसलाय."