चार दिवस वजनाखाली

या मोजणीतून प्रतिभा गायधनींना मिळायचं होतं ते एवढंच, की दारावरच्या पाटीतून ‘प्रभारी’ हा शब्द निघावा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या सहा वर्षं प्रभारी ग्रंथपाल होत्या. तेवढ्यात माणूस लग्न करून, पोराला बालवाडीत घालून मोकळा होतो. यांचा प्रभार काही उतरेना. आता वरून अट आली होती. दुसऱ्या विद्यापीठांतून उसनी मागवलेली पुस्तकं सरासरी सात दिवसांत वाचकाच्या हाती पडतात असं दाखवा, मग पाटीचं बघू.

पुस्तकांना उशीर होत होता हे खरं, आणि कुणामुळे यावर सगळ्यांचं एकमत होतं. “आपल्या शहरातल्या द्वारकेच्या चौकात अडकतात कुरिअरवाले,” आवक-जावकचे सुनीलभाऊ छातीठोक सांगायचे. द्वारकेतून ते स्वतः वर्षभरात गेले नव्हते.

प्रतिभाताईंनी प्रत्येक मागणीबरोबर एक गुलाबी चिठ्ठी धाडायला सुरुवात केली. पुस्तक ज्याच्या हाती येईल त्यानं तारीख टाकून सही करायची आणि पुढं द्यायचं. मेच्या पहिल्या आठवड्यात एकवीस चिठ्ठ्या त्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडून बसल्या. पुस्तकं पाठवणारे कोल्हापूरवाले चोख, मागणीच्या दुसऱ्या दिवशी रवाना. कुरिअरवालेही सरळ निघाले. सुनीलभाऊंची सही पार्सल आलं त्याच दिवसाची. आणि मग प्रत्येक चिठ्ठीवर चार दिवसांचं भगदाड! पुस्तक इमारतीत आलेलं, वाचकाला मिळालेलं नाही.

बाविसावी चिठ्ठी अजून पुस्तकातच होती. पुस्तक सोमवारी आत आलेलं, आज बुधवार. प्रतिभाताई तिच्या मागावर निघाल्या. आवक, जिना, मागची खोली. तिथं चार जाडजूड शब्दकोशांखाली खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक, आणि शेजारी खळीच्या वाटीसह शिपाई कुसाबाई.

“हे काय, कुसाबाई?”

“कोल्हापूरचं पुस्तक. वाळतंय. अजून दोन दिस हायेत.”

“मे महिन्यात? खळ तासाभरात कडकडीत वाळते हो!”

“मला काय इचारता मॅडम? तुमचाच कागद हाय भिंतीवर. परक्याच्या पुस्तकाला कव्हर घालायचं आन् चार दिस वजनाखाली ठेवायचं. सही बी तुमचीच.”

सही त्यांचीच होती. सहा वर्षांपूर्वीच्या जुलैत एक उसनं पुस्तक ओल्या खळीनं बुरशी धरून परत गेलं होतं, त्यांना माफीचं पत्र लिहावं लागलं होतं, आणि त्या तिरमिरीत हा नियम निघाला होता. पावसाळा संपला. नियम संपवायला कुणी सांगितलंच नाही.

“मग बोलला का नाहीत?”

“साहेबाच्या सहीपुढं मी कोण बोलणार? मला वाटलं, पुस्तकाला बी सुतक असंल.”

सुनीलभाऊंना ही हकिगत कळली तेव्हा त्यांनी लगेच तोडगा काढला. “मॅडम, फॉर्मात रकाना एकच आहे, ‘पोहोचल्याची तारीख’. गेटची टाका. साडेपाच दिवस येतात! पाहुणा दारात आला म्हणजे आलाच. चहा कधी दिला ते कोण विचारतंय?”

गेटची तारीख धरली तर पाटी बदलणार होती. हातात पडल्याची धरली तर सरासरी साडेनवाला टेकत होती. प्रतिभाताईंनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात वैष्णवी आली. नागलीच्या बियाण्यांवर संशोधन करणारी, हरसूलहून एसटीनं येणारी मुलगी. वजनाखालचं पुस्तक त्यांनी तिच्या हातात ठेवलं आणि चिठ्ठी सहीसाठी पुढं केली. तिनं वरच्या तारखा वाचल्या.

“मॅडम, हे सोमवारी आलंय? मी काल आले होते. तुम्ही म्हणालात, द्वारकेत अडकलं असेल.”

“म्हणाले.”

“म्हणजे तेव्हा ते इथंच होतं?”

“इथंच. तुझ्यापासून तीस पावलांवर.”

वैष्णवी गेल्यावर त्यांनी फॉर्म भरला. हातात पडल्याच्या तारखा लिहिल्या, बाविसांच्या बावीस, आणि खाली उशिराचं कारण. कुसाबाईंनी भिंतीवरचा कागद नखानं खरवडून काढला; खळ चांगली होती, निघता निघेना.

एकूण दिवस फुकट गेले शहाऐंशी. त्यातला एकही कोल्हापूरनं भरला नाही, कुरिअरनं नाही, द्वारकेच्या चौकानं तर नाहीच. ते सगळे वाचकांनी भरले. वैष्णवीनं वर हरसूलची एक फुकटची फेरीही भरली. प्रतिभाताईंनी भरला एक शब्द. तो पाटीवर अजून आहे.