बदली माणूस

कृणालला मनिलाला जाऊन चार महिने झाले होते. त्यातले तीन महिने तो कैदेत होता, हे खारदांड्यात फक्त दोघींना ठाऊक होतं. थोरली बहीण निशाला आणि आई सगुणाला. मासळी बाजारात कुणी विचारलं की सगुणा म्हणायची, "मजेत आहे. एसीत बसतो." आणि पापलेटांवर बर्फ लोटत मान खाली घालायची.

कॉम्प्युटरचं काम म्हणून अंधेरीतल्या शिवदास नावाच्या एजंटाने त्याला पाठवलं होतं. तिथे पहिला महिना बरा गेला, मग पासपोर्ट काढून घेतला, राहत होता त्याच उंच भिंतींच्या इमारतीत कोंडलं आणि फोनवरून लोकांना फसवायच्या धंद्याला जुंपलं. दिवसाला ठरलेली माणसं गळाला लागली नाहीत तर मार. आठवड्यातून एकदा घरी व्हिडिओ कॉल, तोही पहारेकरी शेजारी बसवून. गेल्या कॉलवर कृणालने तिथल्या लोकांचा निरोप सांगितला होता. एक माणूस पाठवा, चांगलं इंग्रजी बोलणारं. ते आलं की मला सोडतील. पोलिसांत गेलात तर पुढे विकतील.

सगुणा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी कोळंबी सोलता सोलता, वर न बघता म्हणाली, "किरणला काम हवंय ना?"

किरण निशाची बालवाडीपासूनची मैत्रीण. दोन घरं सोडून आईबरोबर राहायची. कॉल सेंटरची नोकरी सुटल्यापासून घरीच होती.

"आई, काय बोलतेस तू?"

"माझा पोर मरतोय तिथे. मला दुसरं काय दिसत नाय."

निशा त्या दिवशी आईशी कडाडून भांडली. पण पुढच्या कॉलवर कृणालचा ओठ फाटलेला दिसला आणि तिने संध्याकाळी किरणचं दार वाजवून मनिलात नोकरी असल्याचं सांगितलं. किरणने तर तिला मिठीच मारली. "यार, मला वाटलं तू माझ्यासाठी कधी विचारशील की नाही!"

आठवड्याभरात दोघी शिवदासच्या ऑफिसात बसल्या होत्या. तो गोड बोलत होता, थंड पेय मागवत होता. किरण फॉर्म भरत होती. एका रकान्यापाशी ती थांबली, हसली आणि मोठ्याने वाचलं, "अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं. तुझंच नाव टाकते गं. आई बिचारी घाबरेल."

निशाने तिच्या हातातून फॉर्म ओढून घेतला. आपण काय करतोय हे तिचं तिलाच कळलं नाही. "हिच्या आईला बरं नाहीये, उद्या येतो," असं शिवदासला सांगत तिने किरणला जिन्यावरून अक्षरशः खेचत खाली आणलं. रस्त्यावर, रिक्षा स्टँडच्या मागे, भर दुपारी तिने सगळं सांगून टाकलं. अगदी आई काय बोलली तेही.

किरणने एक सणसणीत ठेवून दिली. मग दुसरी. रिक्षावाले बघत राहिले.

"तू मला विकत होतीस, निशा?"

"हो."

किरण फुटपाथवर बसली. निशाला वाटलं, आता उठून जाईल, आणि तिने जायलाच हवं. पण किरणने हात पुढे केला. "फोन दे. त्याने पहिल्या आठवड्यात काही फोटो पाठवले होते?"

एक होता. त्याच इमारतीच्या गच्चीवर हसणारा कृणाल आणि मागे एका हॉटेलची पाटी, अर्धी कापलेली. किरणने ती मोठी करून अक्षरं जुळवली, नकाशावर हॉटेल शोधून काढलं. तिथून दोघी थेट पोलिसांकडे गेल्या. तिथल्या इन्स्पेक्टर रेवतीताईंनी सगळं लिहून घेतलं, दूतावासाला कळवलं आणि म्हणाल्या, "पलीकडचे पोलीस हलेपर्यंत त्यांना संशय येता कामा नये. एजंटालाही आज हात लावत नाही."

"येणार नाही संशय," किरण म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी शिवदासला फॉर्म भरून देऊन आली.

पुढचे तीन कॉल तिनेच घेतले. केस नीट बांधून, निशाच्या घरातल्या खुर्चीत बसून, हसत हसत. "येस सर, व्हिसा लेट झालाय, पण मी येतेय." कॉल संपला की ती निशाकडे न बघता निघून जायची. सगुणा दारात पाणी घेऊन उभी असायची; ते ती घ्यायची नाही.

सतराव्या दिवशी सकाळी रेवतीताईंचा फोन आला. तिकडे छापा पडला होता. साठ जण सुटले होते, त्यात कृणाल होता. इकडे शिवदासला ऑफिसातूनच उचललं होतं. निशाने "आई" एवढंच म्हटलं, आणि सगुणा मासळीच्या टोपल्या तशाच टाकून फोन कानाला लावायला धावली.

कृणाल आला तेव्हा ओळखू येत नव्हता, एवढा वाळला होता. पण भात तीनदा मागून घेतला. मग जेवणाच्या ताटापाशीच आडवा होऊन झोपला. त्याचं घोरणं ऐकत मायलेकी कितीतरी वेळ तिथेच बसून राहिल्या.

नंतर सगुणा उठली, पदर नीट केला आणि किरणच्या घरी गेली. निशा मागे धावली. किरण आणि तिची आई दोघी घरात होत्या.

"तुझं नाव मी काढलं होतं, बाय," सगुणा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "हिने नाय. मला काय बोलायचं ते बोल."

किरणच्या आईने तोंड फिरवलं. किरण मात्र बाहेर आली. "काकी, आज मला काहीच बोलायचं नाहीये," ती म्हणाली. "कृणाल जेवला?"

"जेवला," निशा म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, गल्लीत सगळ्यांसमोर, मोकळं रडली. किरण तिच्याजवळ आली नाही. पण आतही गेली नाही.