खूण विरोधाची

जनमत चाचणीच्या कार्यालयात ताईचं काम नुसतं ऐकायचं. मुली फोनवर लोकांना प्रश्न विचारत, उत्तराची खूण करत. ध्वनिमुद्रण ऐकून ती खूण बरोबर आहे का, हे ताई बघे. जगाची मतं ऐकून तिचे कान इतके निबर झाले होते की कुणी सरकारचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला तरी ती निवांत चहा पीत बसे.

त्या दुपारचा विषय होता, हवा तापवणारे वायू कमी करण्याचं सरकारी उद्दिष्ट. समोर खूण होती 'विरोध'. कानातला आवाज मात्र म्हणत होता, "माझा पूर्ण पाठिंबा आहे. आमचं कोळशाचं वीजकेंद्र बंद पडलं तरी चालेल."

तिने चहाचा कप खाली ठेवला. आवाज आप्पांचा होता, तिच्या वडिलांचा. वीजकेंद्रातल्या कामगारांचे पुढारी, याच उद्दिष्टाविरुद्ध रोज फाटकावर घसा फोडणारे आप्पा! आणि हे उद्दिष्ट योग्य आहे एवढंच म्हणाला, म्हणून तिच्या धाकट्या भावाला त्यांनी घराबाहेर काढलं होतं. तेव्हापासून आईने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

"घरात यावर बोलणं झालं का?" फोनवरच्या मुलीने विचारलं होतं.

"मुलगा बोलला होता. बरोबर होतं त्याचं. पण आता कुठल्या तोंडानं सांगू?"

ताईने ते तीनदा ऐकलं, तरी विश्वास बसेना.

खूण आणि आवाज जुळला नाही, तर त्या माणसाला फोन करून पुन्हा विचारायचं, असा नियम. घरच्या माणसाला आपण फोन करायचा नाही, हाही नियमच. तो तिने धाब्यावर बसवला. आप्पा एकदा तिच्यासमोर हे बोलले, की संध्याकाळीच ती धाकट्याला हाताला धरून घरी आणणार होती.

"नमस्कार, जनमत चाचणीतून बोलतेय. सरकारच्या उद्दिष्टाला तुमचा पाठिंबा आहे की विरोध?"

"ताई, तू?"

"पाठिंबा की विरोध, आप्पा?"

"विरोध." आवाज खणखणीत, फाटकावरचा. "दुसरं काय असणार? लिही."

"आप्पा, मी ऐकलंय सगळं."

"दुसऱ्या कुणाचं तरी ऐकलं असशील," ते म्हणाले. "येताना तुझ्या आईची औषधं आण."

फोन बंद झाला. कोण कुठल्या मुलीला जे सांगून मोकळे झाले, ते पोटच्या पोरीपाशी साफ नाकबूल केलं त्यांनी. ताईला राग यायला हवा होता. पण ती नुसती सुन्न झाली होती.

दुसऱ्यांदा मिळालेलं उत्तर खरं धरायचं, असा पुढचा नियम. खूण आधीपासून 'विरोध'च होती. तिला काही बदलावं लागलं नाही. तिने पुढचं ध्वनिमुद्रण लावलं, पण त्यातला एक शब्द कानात शिरेल तर शपथ.