चार महिन्यांची मालिश

"ही गाठ कुणी चोळली होती का?" पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननं विचारलं.

इंदापूरच्या तालमीचे गेणबा वस्ताद भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत खाटेवरचा त्यांचा पठ्ठ्या बिरू बोलून गेला, "न्हाय सायेब. कुनी हातबी लावला न्हाय."

आणि वस्तादांनी मूग गिळले! चार महिने रोज पहाटे याच पोराचा उजवा कुल्ला त्यांनी लचक समजून मुठीनं रगडला होता. निखळलेला खांदा असो की मुरगळलेला घोटा, वस्तादांच्या हाताला गुण होता. थेट बारामतीहून गडी यायचे. ही गाठ मात्र विरेना, उलट वाढत गेली, तसे वस्तादही हट्टाला पेटले. लचक कधी अशी वाढते का? पण नावाजलेल्या माणसाला हे कोण सांगणार!

सर्जननं गुदद्वारातून बोट घालून तपासलं, तर कमरेच्या हाडांमधली सगळी पोकळी गाठीनं भरलेली. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मांसातला कॅन्सर, लाखात एखाद्याला होणारा.

"चोळल्यानं झालेला नाही हा," ते वस्तादांना बाजूला घेऊन म्हणाले. "पण सुरुवातीलाच आणला असता तर कापून काढता आला असता. आता एक्स-रेत फुप्फुसातही दिसतोय. घरी न्या."

छोट्या रेल्वेगाडीनं बारामती गाठली, पुढं बैलगाडी. बिरू पालथा पडून कण्हत होता.

"खोटं का बोललास रं?" वस्तादांनी विचारलं.

"लोकांम्होरं तुमास्नी खाली बघाय लागलं असतं. त्ये मला न्हाय बघवत."

वस्तादांना रडू आवरेना. त्यानंतर आठ दिवस ते तालमीत फिरकले नाहीत. नवव्या दिवशी बिरूच्या घरी गेले. त्याची आई, कौसल्या, ओट्यावर तूर निवडत होती.

"वैनी, गाठ हाय हे मला ठावं हुतं. चार महिनं म्या ती रगडत बसलो. तवाच डाक्टरकडं धाडला असता तर पोर वाचलं असतं. म्या घालवला त्येला."

तिचे हात सुपातच थांबले.

"दुसऱ्याच महिन्यात त्यो म्हनला हुता, आये, डाक्टरला दावू या," ती म्हणाली. "म्याच दटावलं त्येला. म्हनलं, वस्तादाच्या वर कोन डाक्टर लागून गेलाय?"

आतून बिरूचा आवाज आला, "कोन आलंय गं आये?"

कौसल्यानं सूप बाजूला सारलं आणि वस्तादांना आत जायला वाट करून दिली.