मी चाखला खाडीचा तळ

माझे सारे आयुष्य चिखल खाण्यात गेले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. मित्रांनो, मी एक जुना पोलादी जबडा आहे. दोराला बांधून मला पाण्यात सोडत. मी तळाला टेकलो की खटका सुटे, दोर ओढला की माझे ओठ मिटत आणि मी तोंडभर गाळ घेऊन वर येई. पाण्यात मिसळलेले विष शेवटी गाळातच जाऊन बसते. म्हणून शास्त्रज्ञांना माझी गरज.

मी ज्या दुकानात पडून होतो, तिथे फावड्यांना मोठा मान होता. मला पाहून गिऱ्हाईक विचारी, "हे काय, उंदीर पकडायचं यंत्र?" एके दिवशी एक तरुण शास्त्रज्ञबाई आल्या. त्यांनी माझा खटका वाजवून पाहिला आणि म्हणाल्या, "दात छान आहेत याचे!" मी तिथेच त्यांचा झालो.

खाडीवर त्यांना सगळे चिखलताई म्हणत. चष्म्यापासून बुटांपर्यंत चिखल उडालेला असे, पण चेहरा कायम हसरा. मी कधी तळाचा दगड चावून रिकामा वर आलो, तर म्हणत, "याची दातखीळ बसली!" आणि बोटवाले काका खो खो हसत. त्याच खाडीच्या काठावर ताईंच्या बाबांचा बोटी दुरुस्त करण्याचा आणि रंगवण्याचा कारखाना होता.

त्या काळी खाडीतल्या समुद्री गोगलगायी नाहीशा होऊ लागल्या. माद्यांच्या शरीरात विचित्र बदल होऊन त्यांना अंडीच घालता येईनात. कालवांचे शिंपले जाड आणि वेडेवाकडे निघू लागले, ती विकून जगणाऱ्या घरांच्या तोंडचे पाणी पळाले. सगळे बोट दाखवत होते कापड रंगवणाऱ्या गिरणीकडे. त्यात सर्वांत चढा आवाज बाबांचा. "टाळं ठोका तिला!" ते म्हणत.

ताईंनी गिरणीपासून नमुने घ्यायला सुरुवात केली. आम्ही जसजसे गिरणीपासून दूर जाऊ, तसतसे विष कमी व्हायला हवे होते. झाले उलटेच. ते वाढत गेले आणि सगळ्यांत जास्त सापडले बाबांच्या धक्क्याखाली. आपलीच चूक झाली असेल, या आशेने ताईंनी सगळे नमुने पुन्हा घेतले. उत्तर बदलले नाही.

त्याच दिवशी दुपारी बाबा लेकीचा जेवणाचा डबा घेऊन प्रयोगशाळेत आले. मी शेजारच्या टाकीत आंघोळ करत होतो.

"बाबा, बसा जरा," ताई म्हणाल्या. "बोटीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून आपण तो रंग लावतो ना? त्यात कथिलाचं विष आहे. तेच सगळ्या खाडीत पसरलंय."

"अगं, एवढी मोठी खाडी! माझ्या डबाभर रंगानं तिला काय होतंय?"

"दरवर्षी डबाभर, बाबा. आणि जुना खरवडलेला रंगही पाण्यातच जातो."

"म्हणजे माझीच लेक चारचौघांत माझ्या तोंडाला काळं फासणार!"

"दोष गिरणीवर ढकलू? तुम्हीच सांगा."

बाबा डबा टेबलावर ठेवून निघून गेले. ताईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर पाहतो तो काय, बाबा आधीच येऊन बसलेले! "माझ्या डोळ्यांदेखत टाका त्याला," ते म्हणाले. त्यांच्या धक्क्यापाशी त्यांनी मला स्वतःच्या हातांनी सोडले आणि स्वतःच वर ओढले. मी तोंड उघडले. काळ्या गाळात लाल रंगाच्या कपच्या चमकत होत्या. बाबांनी एक कपची बोटांवर घेऊन चोळली.

"हा माझाच लाल," ते हळूच म्हणाले. "दुसरं कुणी असा लावत नाही."

गावाच्या सभेत ताईंनी तोंड उघडण्याआधीच ते उभे राहिले. "गिरणीला शिव्या नंतर घाला. आधी मला घाला, मग माझ्या लेकीचं ऐका!" सभेत हशा पिकला आणि मग सगळे कान देऊन ऐकू लागले.

बाबांनी तो रंग बंद केला. बोटी काठावर घेऊन, खाली कापड अंथरून ते खरवडकाम करू लागले. शेवाळ ब्रशाने घासताना कुरकुर करत, पण घासत. बाकीचे रंगारीही हळूहळू त्यांच्या मागे आले. आम्ही वर्षानुवर्षे गाळ तपासत राहिलो. विष कमी होत होते, पण गोगलगायीच्या वेगाने!

पुढे माझा सांधा झिजला. नवा चकचकीत जबडा आला आणि माझ्या तोंडात कुणीतरी ओल्या छत्र्या ठेवू लागले. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू? तेवढ्यात एके दिवशी म्हातारे बाबा धापा टाकत प्रयोगशाळेत शिरले.

"अगं, चल लवकर! धक्क्याच्या खांबावर अंडी! तांदळासारखी, पिवळी पिवळी, गच्च चिकटलीत. गोगलगायी परत आल्या!" आणि सगळ्यांकडे पाहून छाती फुगवून म्हणाले, "आजोबा झालो मी!"

ताई हसत हसत, डोळे पुसत, एकाच पायात चप्पल घालून धावल्या.

मित्रांनो, रंग असो, तेल असो की औषध, उरलेले पाण्यात ओतण्याआधी क्षणभर थांबा. डोळ्यांआड गेले म्हणून ते संपत नाही. खाली कुणाचे तरी घर असते. आणि हातून चूक झालीच, तर त्या म्हाताऱ्यासारखे उभे राहा. समुद्र मोठ्या मनाचा आहे. त्याला सावरायला जरा सवड तेवढी द्या.